जुन्या स्प्लेंडरवर सामान आणि आराम: कमी खर्चात, गावातल्याच कारागिरांकडून

माझी स्प्लेंडर २००७ सालची. टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ आहे. त्या दोन कंपन्या डिसेंबर २०१०मध्ये वेगळ्या झाल्या, म्हणजे हे नाव मिरवणारी कुठलीही गाडी आता जुन्यातच जमा. वडिलांनी घेतलेली ही गाडी त्यांच्यामागे माझ्याकडे आली. महिन्यातून एकदा तरी मला कराडहून पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जावं लागतं. अंतर शंभरेक किलोमीटर. पूर्वी हेळवाकला चहाला थांबलो की आधी कंबर सरळ करायला पाच मिनिटं जायची, आणि पाठीवरच्या सॅकचे पट्टे खांद्यांत रुतलेले असायचे. आज तीच गाडी आणि तोच रस्ता आहे, पण पाठीवर काही नसतं आणि चिपळूणला उतरल्यावर लगेच कामाला लागता येतं.

या सगळ्याला मला आठ हजारांच्या आत खर्च आला, तोही दोन वर्षांत, जमेल तसा. त्यातले साडेतीन हजारांच्या आसपास टायर, फोर्क (पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या दोन नळ्या) आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) यांवर गेले, म्हणजे ज्या गोष्टी बॅग किंवा सीट विकणाऱ्या दुकानात मिळतच नाहीत. ज्या क्रमाने हे काम करायला हवं होतं, त्या क्रमाने लिहितो. मी स्वतः सीटपासून सुरुवात केली होती आणि ते पैसे वाया गेले.

आधी काट्यावर उभे राहा

स्प्लेंडरची भार वाहायची मर्यादा १३० किलो. चालवणारा, मागे बसणारा आणि सामान, सगळं मिळून. तुमची गाडी वेगळी असेल तर हा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहा. मग किराणा दुकानातल्या काट्यावर उभे राहा, तेही प्रवासाच्या कपड्यांत, हेल्मेट आणि बूट घालून. मी तसा ७१ किलो भरलो, बायको ५६. दोघांचे मिळून १२७. उरले तीन किलो.

हे तीन किलो कागदावर पाहिले आणि मग बाकीचं सगळं त्यांच्याभोवतीच ठरत गेलं. लोखंडी करिअर आणि बॅगांचे आधार मिळून चारेक किलो भरतात. म्हणजे दोघं बसलो आणि करिअर रिकामं असलं, तरी गाडी मर्यादेच्या बाहेर. म्हणून पहिला निर्णय असा झाला: जे काही बसवायचं ते नट-बोल्टने, दहा मिनिटांत निघेल असं. एकट्याने जाताना करिअर आणि दोन बॅगा. दोघं असलो की ते सगळं घरी, आणि टाकीवर तीन किलोच्या आत भरेल अशी छोटी बॅग. एकट्याने जाताना हिशेबाने साठ किलोपर्यंत जागा दिसते, पण मी वीस किलोवर थांबतो. पुस्तिकेतली मर्यादा धरते की वजन सीटवर, दोन्ही चाकांच्या मध्ये आहे. करिअरवरचं वजन मागच्या चाकाच्या धुरीच्याही मागे लोंबतं, आणि तिथला एक किलो पुढचं चाक हलकं करतो. घाटाच्या वळणात हँडल सैल, पोकळ वाटायला लागतं ते त्यामुळेच.

घरून कायम दोघंच जात असाल आणि दोघांचं वजन मिळून १३०च्या पुढे असेल, तर मी स्पष्ट सांगतो, सामानाचा विचार सोडा. सामान एसटीच्या पार्सलने पाठवा. शंभर सीसीच्या गाडीचा मागचा ड्रम ब्रेक, फ्रेम आणि शॉकअप या वजनासाठी बनवलेले नाहीत.

टायर, शॉकअप, फोर्क, कोनसेट

गाडीवर आराम वाटतो तो आधी चाकातून आणि मग सीटमधून. जुन्या गाडीत हे उलटं वाटतं, कारण सीटचा त्रास आपल्याला थेट कळतो आणि बसून गेलेला शॉकअप कळत नाही. त्याची सवय झालेली असते.

टायरपासून सुरू करा. स्प्लेंडरला दोन्हीकडे २.७५–१८ मापाचा टायर असतो, पण दोन्ही टायर एक नसतात. पुढे ४ पीआरचा चालतो, मागे ६ पीआरचा लागतो (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा दर्जा). बाजूच्या भिंतीवर मापाशेजारी ४२ किंवा ४८ असा आकडा दिसेल. ४२ म्हणजे तो टायर १५० किलो पेलतो, ४८ म्हणजे १८०. भरलेल्या गाडीचं बरंचसं वजन मागच्या चाकावर येतं, त्यामुळे मागे ४८चाच हवा. दुकानदार कधीकधी ‘माप तेच आहे’ म्हणून पुढचा टायर मागे चढवतात. माझ्या मागच्या चाकावर चार वर्षं ४२चा टायर होता, हे मला हा लेखाजोखा करायला बसल्यावर कळलं. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचा टायर कडक झालेला असतो, धक्के गिळत नाही आणि ओल्या घाटात धरतही नाही.

हवा: पुढे २५ पीएसआय, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ४०च्या आसपास. पेट्रोल पंपावर बहुतेक जण कायम ‘पुढे पंचवीस, मागे चाळीस’ सांगतात आणि एकटे फिरतात. मग प्रत्येक खड्डा कण्यापर्यंत जातो आणि दोष सीटला मिळतो. एकट्याने वीस किलो सामान घेऊन जाताना मी मागे ३२–३३ ठेवतो. चाक गार असताना, घराजवळच्या पंपावरच भरा. वीस किलोमीटर चालून गेलेल्या टायरचा दाब वाढलेला असतो आणि मग आकडा फसवतो.

चाक उचलून फिरवताना स्पॅनरने एकेका आऱ्यावर हलकेच टिचकी मारा. ताणलेला आरा खणखणतो, सैल पडलेला बद्द आवाज देतो. सैल आरे सामानाच्या वजनाखाली तुटतात, आणि एक तुटला की शेजारचे मागोमाग जातात. सायकलवाल्याकडून ताणून घेऊ नका. रिमचा ‘आउट’, म्हणजे वाकडं फिरणं, काढणारा मोटारसायकलचा माणूस शोधा.

मागच्या शॉकअपला खाली पाच पायऱ्यांची चकती असते. ती हूक पान्याने फिरवता येते. बहुतेकांच्या गाडीत ती शोरूममधून आली त्याच पायरीवर गंजून बसलेली असते. रात्रभर रॉकेल किंवा डिझेल सोडा, सकाळी सुटते. एकट्याला पहिली किंवा दुसरी पायरी, सामान भरलं की तिसरी, दोघं बसलो की चौथी किंवा पाचवी. दोन्ही बाजू एकाच पायरीवर हव्यात. शॉकअपच्या दांड्यावर तेल ओघळलेलं असेल किंवा मागचा भाग दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा उड्या मारत असेल, तर आतलं तेल संपलं. भरून देणारे भेटतात, पण मला त्यांचा अनुभव चांगला नाही, सहा महिन्यांत पुन्हा तेच. या एका ठिकाणी नवी जोडी घेतलेली बरी. माझी जोडी सुदैवाने चांगली होती, वरच्या-खालच्या रबरी बुशांवर भागलं.

पुढच्या फोर्कमधलं तेल जवळजवळ कोणीच बदलत नाही. सतरा वर्षं जुन्या गाडीत ते काळं आणि पाण्यासारखं पातळ झालेलं असतं, आणि ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं. दोन्ही नळ्यांची ऑइल सील, नवं तेल आणि मजुरी मिळून मला सातशे रुपये पडले. माझ्या मते हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा खर्च होता.

कोनसेट तपासायला गाडी मधल्या स्टँडवर लावा, पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटाने डावी-उजवीकडे हळू फिरवा. मध्यावर आल्यावर ‘टक’ करून अडकत असेल तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. रिकाम्या गाडीत हे चालून जातं. मागे वजन टाकल्यावर हँडल डुलायला लागतं.

सीट

सीट फाडण्याआधी एक आठवडा थांबा आणि एक गोधडी घ्या. सुती साडीची, पातळ, धुऊन मऊ झालेली. तिच्या घड्या घालून सीटवर ठेवा, सुतळीने खालून बांधा, आणि नेहमीच्या रस्त्यावर पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन या. दुसऱ्या दिवशी घडी बदला: मागे जास्त, पुढे कमी, मग उलट. कुठे उंची हवी, कुठे रुंदी हवी, हे तुमच्या शरीराला पाच दिवसांत कळेल. खडूने सीटवर खुणा करा. कुशनवाल्याला ‘मऊ करून द्या’ एवढंच सांगितलं तर तो त्याच्या अंदाजाने करतो, आणि त्या अंदाजात तुमचं शरीर नसतं.

मी पहिल्या वेळी तेच केलं. मऊ फोम भरून घेतला, दुकानात बोटाने दाबून खूश झालो. पाटणपर्यंत छान वाटलं. पुढे घाटापर्यंत बसायची हाडं फोम दाबून खालच्या प्लॅस्टिकच्या तळाला टेकली. बसताना सगळा भार ढुंगणाच्या दोन हाडांवर येतो. फोम इतका मऊ असेल की ती हाडं त्यात बुडतात, तर आजूबाजूचं मांस दाबलं जातं, रक्त अडतं आणि मुंग्या येतात. लांबच्या पल्ल्याला लागतो तो टणक फोम आणि रुंद बूड.

दुसऱ्या वेळी असं केलं. साइड पॅनेल काढली की सीटचे बोल्ट दिसतात, ते काढून फक्त सीट घेऊन गेलो, म्हणजे गाडी दिवसभर दुकानात अडकत नाही. जुना साच्याचा फोम मधोमध बसला होता, पण कडा शाबूत होत्या. तो फेकू दिला नाही. मधला बसलेला भाग तेवढा कापून तिथे चुऱ्याचा दाबलेला फोम, ज्याला कारागीर रीबाँड म्हणतात, तो भरला. त्यावर सगळीकडे अर्धा इंच मऊ थर. चालवणाऱ्याच्या जागी दोन्ही बाजूंना मागच्या बाजूने प्रत्येकी इंचभर रुंदी वाढवली, पुढचा भाग मात्र अरुंदच ठेवला, नाहीतर सिग्नलला पाय जमिनीला नीट पुरत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उतार काढला. जुन्या सीटा वापरून वापरून पुढच्या बाजूला घसरत्या होतात. माणूस सतत टाकीकडे सरकतो, हातांनी स्वतःला मागे रेटतो, आणि मनगटं दुखायला लागतात. मनगटाच्या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा सीटमध्ये असतं.

एकूण उंची इंचापेक्षा जास्त वाढवू नका. फोम चिकटवल्यावर, रेग्झिन लावण्याआधी, कारागिराकडून सीट मागून घ्या, गाडीवर ठेवा आणि बसून पाहा. कोणी नाही म्हणत नाही.

रेग्झिन घेताना चमकदार घेऊ नका, पावसात घसरतं. खडबडीत, मॅट घ्या. मधोमध शिवण नको, कितीही सुंदर दिसली तरी. सुईच्या भोकांतून पाणी आत जातं, फोम पाणी धरतो आणि पुढे पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी तुमची पँट ओली होते. शिवण हवीच असेल तर बाजूच्या उभ्या भागावर. खालून टॅकर पिना मारताना त्या तळाच्या जाडीपेक्षा आखूड आहेत का ते पाहा. माझ्या पहिल्या सीटमध्ये दोन पिनांची टोकं वर आली होती. दुसऱ्या सीटचे सगळे मिळून अकराशे गेले.

सीटला हात लावायचाच नसेल तर दोन स्वस्त उपाय आहेत. हवा खेळती ठेवणारं जाळीचं कव्हर उन्हाळ्यात खरंच फरक पाडतं, घाम आणि रेग्झिन यांची गाठ पडत नाही. मण्यांचं कव्हर टॅक्सीत चालतं, दुचाकीवर नाही. ब्रेक मारला की माणूस त्यावरून घसरतो.

हात, पाय, वारा

हँडलचे बोल्ट सैल करून हँडल थोडं आपल्याकडे फिरवा, कोपरं किंचित वाकलेली राहतील इतकं. मग क्लच आणि ब्रेकचे लिव्हर फिरवून असे ठेवा की बोटं ठेवल्यावर मनगट सरळ रेषेत येतं. हे फुकटचं काम आहे आणि फार थोडे लोक करतात. उंच हँडल बसवणार असाल तर गाडी सुरू करून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. इंजिनाचा वेग आपोआप वाढला तर केबल ताणली जातेय, आणि तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

ग्रिपवर फोमचं आवरण किंवा जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवला की थरथर कमी होते. फूटरेस्टची रबरं झिजून लोखंड दिसत असेल तर ती बदला, पन्नास-साठ रुपयांत. छोटी पारदर्शक विंडशील्ड छातीवरचा वारा अडवते आणि थंडीत हायसं वाटतं. केबलींना घासणार नाही अशी बसवा.

लेग गार्डवर पाय लांब सोडून बसणारे घाटात खूप दिसतात. तसं बसल्यावर उजवा पाय ब्रेकपासून फुटभर लांब असतो. पाय मोकळे करायचे असतील तर गाडी थांबवा.

करिअर आणि बॅगांचे आधार

करिअर बाजारात तयार मिळतं, पण जुन्या गाडीचे बोल्ट आणि मडगार्ड थोडेफार सरकलेले असतात, तयार करिअर ठोकून बसवावं लागतं. मी ग्रिल-गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. पाच सूत (५/८ इंच) पाइप, १६ गेज जाडीचा. भरीव सळई घेऊ नका, ती दुपटीहून जास्त जड पडते आणि आपले तीन किलो आधीच कमी आहेत.

बसवायची जागा: ग्रॅबरेलचे (मागच्या माणसाने धरायच्या दांडीचे) बोल्ट आणि शॉकअपचे वरचे बोल्ट. हे चारही बोल्ट थेट फ्रेमला धरतात. मडगार्डवर भार टाकू नका. तो पत्र्याचा आहे, टेललाइटजवळ चिरतो. शॉकअपचा बोल्ट लांब लागेल, तो चांगल्या प्रतीचा, डोक्यावर ८.८ लिहिलेला घ्या आणि नायलॉनच्या नटाने आवळा.

फ्रेमला वेल्डिंग कधीच करू देऊ नका. फॅब्रिकेटर म्हणेल, ‘दोन टाके मारतो, कायमचं बसेल.’ त्या टाक्याजवळचं लोखंड उष्णतेने कमजोर होतं आणि फ्रेम पुढे तिथेच चिरते. शिवाय गाडीला अर्थिंगचा चिमटा लावून वेल्डिंग केलं तर तो विद्युतप्रवाह बेअरिंगमधून आणि सीडीआयमधून (इंजिनाची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतो. गाडी मापासाठी न्या, चुन्याने किंवा खडूने खुणा करा, वेल्डिंग गाडीपासून बाजूला, जमिनीवर. आणखी एक कारण आहे. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं आणि गाडी आरटीओत दाखवावी लागते. माझी २०२२ साली दाखवली. सगळं बोल्टचं असलं की काढून नेता येतं.

बाजूच्या बॅगांना आधाराची चौकट लागते, नाहीतर बॅग खड्ड्यात आत झुलते आणि आऱ्यांत किंवा सायलेन्सरवर जाते. डावीकडे साडी गार्ड आहेच, त्याचाच आधार घ्या. तो काढून बॅग बसवणारे मी पाहिलेत. तसं करू नका. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, मागच्या माणसाला धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट हे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३व्या नियमात आहे. आणि नियम नसता तरी पदर आणि ओढण्या चाकात जाऊन काय होतं हे आपल्याकडे प्रत्येक गावाला माहीत आहे. उजवीकडे सायलेन्सरपासून चार बोटं अंतर सोडून चौकट वाकवून घ्या आणि बॅगेच्या तळाला पत्र्याची पट्टी लावा. इंडिकेटर, टेललाइट आणि नंबरप्लेट मागून दिसतात का ते दहा पावलं मागे जाऊन पाहा.

बॅगेऐवजी डबा लावायचा असेल तर २०२० साली नियमांत त्याची मापं आली आहेत: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरच्या आत. डबा मागच्या सीटच्या जागेवर असेल तर गाडीवर एकट्यानेच बसायचं. मला डबा आवडत नाही. तो उंच बसतो, रिकामाही जड असतो आणि बाजूच्या वाऱ्यात गाडीला ढकलतो.

बॅगा

सामान कसं लटकवावं हे मी आमच्याकडच्या दूधवाल्यांकडून शिकलो. पहाटे कृष्णेच्या काठाने येणाऱ्या गाड्या पाहा. कॅन सीटवरच्या आडव्या पट्टीला दोन्ही बाजूंना लटकलेले, शक्य तितके खाली, शक्य तितके पुढे, गाडीच्या अंगाला चिकटून. आणि डावा-उजवा तोल असा की अर्धा कॅन संपला की ते दुसऱ्या बाजूचं दूध काढायला घेतात. शोरूममधल्या महागड्या पर्यटन गाड्यांनाही याहून वेगळं तत्त्व नसतं.

बॅगा मी ट्रॅक्टरचं हूड शिवणाऱ्याकडून शिवून घेतल्या. तो ताडपत्रीचं जाड कापड वापरतो, त्याच्याकडे जाड दोऱ्याचं मशीन असतं आणि पट्टे, बकलं, आयलेट सगळं हाताशी असतं. माप दिलं: ४० सेंटिमीटर लांब, ३० उंच, १५ रुंद. दोन बॅगांना जोडणारे दोन रुंद पट्टे सीटखालून जातात, सीट घट्ट बसली की ते हलत नाहीत. वरचं झाकण घडी घालून बकलाने बंद होतं. झिपची चेन लावू नका, चिखलाने ती सहा महिन्यांत अडकते. पाठीमागे दोन इंच चकाकणारी पट्टी शिवून घ्या. जोडीचे तेराशे झाले.

ताडपत्रीतूनही शिवणीवाटे पाणी झिरपतं, आणि जुलैतला कुंभार्ली काही राखत नाही. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि तोंड पिळून, दुमडून रबर लावा. कागदपत्रं आणि फोन त्याच्याही आत वेगळ्या पिशवीत.

भरताना जड वस्तू तळाला आणि पुढच्या कोपऱ्यात: हत्यारं, ट्यूब, पाण्याची बाटली, पुस्तकं. कपडे वर. दोन्ही बॅगा ताणकाट्याला लटकवून पाहा, अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नको. करिअरवर फक्त हलकं आणि फुगीर, म्हणजे अंथरूण, रेनकोट. नारळाचं पोतं करिअरवर बांधून घाट चढायचा मोह कोकणातून परतताना प्रत्येकाला होतो. मी एकदा केलं आहे, पुन्हा करणार नाही. चढावर पुढचं चाक रस्ता सोडू पाहत होतं.

बांधायला हूकवाली लवचीक दोरी वापरत असाल तर सावध राहा. ती सुटली की हूक डोळ्याच्या उंचीला येतो. मी ट्रकच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या वापरतो. कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळतात, ताण धरून ठेवतात, ओल्या झाल्या तरी घसरत नाहीत. कोणत्याही पट्ट्याचं सुटं टोक लोंबत ठेवू नका. चाकात किंवा चेनमध्ये गेलेला हातभर पट्टा मागचं चाक जाम करतो.

टाकीवरची बॅग चुंबकाची चालते, कारण स्प्लेंडरची टाकी लोखंडी आहे. खाली मऊ कापड घाला, नाहीतर चुंबकाला चिकटलेली धूळ रंग खरवडते. हँडल पूर्ण वळल्यावर हॉर्नचं बटण दाबलं जात नाही ना, आणि पेट्रोलच्या झाकणाचं हवेचं भोक बंद होत नाही ना, एवढं पाहा.

मोबाइलचा चार्जर

किक मारून सुरू होणाऱ्या जुन्या स्प्लेंडरची बॅटरी १२ व्होल्ट, अडीच अँपिअर-तासांची असते. हेडलाइट तिच्यावर चालत नाही, तो थेट इंजिनातल्या कॉइलवर चालतो. बॅटरीवर हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट. यूएसबी चार्जर १२ व्होल्टच्या बाजूने साधारण एक अँपिअर ओढतो. इंजिन बंद असताना तो चालू राहिला तर दोन-अडीच तासांत बॅटरी रिकामी. म्हणून चार्जरची तार थेट बॅटरीला जोडू नका. किल्ली फिरवल्यावरच वीज येते त्या तारेवरून घ्या, आणि मध्ये दोन किंवा तीन अँपिअरचा फ्यूज टाका. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला नको, सोल्डरचा डाग दिलेला हवा. जास्तीचे फॉगलाइट या गाडीला पेलत नाहीत. तो पैसा हेडलाइटचा पिवळा पडलेला रिफ्लेक्टर आणि काच बदलण्यावर घाला.

भरून एक फेरी

निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी पूर्ण भरा आणि भिंतीसमोर पाच-सहा मीटरवर उभी करा. त्याआधी रिकाम्या गाडीचा प्रकाश भिंतीवर कुठे पडतो तिथे खडूची रेघ मारून ठेवा. भरल्यावर मागचा भाग दबतो आणि झोत वर जातो. हेडलाइटचा बोल्ट सैल करून तो पुन्हा रेघेवर आणा. घाटात समोरच्याचे डोळे दिपले तर तो आपल्याच अंगावर येतो.

चेन तपासायची ती माणूस आणि सामान गाडीवर असताना. खालच्या पट्टीत मधोमध साधारण इंचभर खेळ हवा. रिकाम्या गाडीवर घट्ट केलेली चेन भरल्यावर ताणली जाते आणि पुढच्या स्प्रॉकेटचं बेअरिंग खाते.

मग दहा किलोमीटरची फेरी. मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगाने दोन्ही ब्रेक मारून पाहा, थांबायला किती जास्त अंतर लागतं ते पायाला कळू द्या. परत आल्यावर करिअरचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, थोडे तरी सैल झालेले असतातच. प्रत्येक नट आणि बोल्टवर रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा, नेलपॉलिशने चालतं. पुढे रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे वाकून न तपासता समजतं. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

घाट उतरताना भरलेल्या गाडीला तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ड्रम तापतो आणि ब्रेक नरम पडत जातो. पोफळीला उतरलो की मी थांबतो आणि मागच्या ड्रमजवळ हात नेतो. आच लागली तर पंधरा मिनिटं बसायचं, पाणी ओतायचं नाही.

पावसाळा संपला की करिअर आणि चौकट काढून घ्या, आतल्या बाजूने खरवडून रेड ऑक्साइड मारा, बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. पाइपच्या उघड्या टोकांत पाणी साचतं. माझं पहिलं करिअर तिथूनच सडलं, म्हणून आता टोकं वेल्डिंगने बंद करून घेतो आणि तळाला एक बारीक भोक ठेवतो.